आधी तारीख, मग फूल

(मैदानाचं फाटक. कोवळं ऊन. टेम्पोतून कुंड्या उतरताहेत.)

माघ महिना. ठाण्यात पहाटे अजून पातळ चादर ओढावीशी वाटते, आणि दुपारी मात्र पारा तिशी ओलांडतो. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या फटीत झाडाफुलांचं प्रदर्शन बसवावं लागतं. ठाणे महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण भरवतं ते ‘वृक्षवल्ली’ याच मोसमातलं. एका बाजूला स्पर्धेच्या कुंड्या, दुसऱ्या बाजूला रोपवाटिकांचे स्टॉल, मधे वडापाव आणि उसाचा रस. दोन महिने उशीर केला, तर यातली निम्मी फुलं माना टाकतील.

(मांडवाच्या आत. माळी कामात. सुरुवातीला निवेदन नाही, फक्त आवाज.)

परीक्षक यायला अजून वेळ आहे. मांडवात सगळे उकिडवे बसलेत. कोणी कुंडीला गेरूचा शेवटचा हात मारतोय, कोणी ओल्या फडक्याने पानं पुसतोय. एक जण नखाने पिटुनियाची सुकलेली फुलं खुडून शर्टाच्या खिशात टाकतोय, कारण खाली टाकली तर मांडणीचे मार्क जातील.

पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, साल्व्हिया, डॉग फ्लॉवर. माळी या सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरतात: सीझनल. पेरणी ऑक्टोबरात, तेही पाऊस खरंच गेला याची खात्री झाल्यावर. पिटुनियाचं बी रव्याहूनही बारीक. ते चाळलेल्या वाळूत मिसळून पेरायचं आणि वर माती घालायची नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. परतीच्या पावसाची एक सर ट्रेवर पडली की रोपं बुडाशी कुजतात आणि एका रात्रीत कोलमडतात. मग पुन्हा बी, पुन्हा ट्रे, आणि हातातले पंधरा दिवस गेलेले. रोप जगलं तर नोव्हेंबरात कुंडीत जातं, मग त्याचा शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने फुटवे येतात आणि कुंडी भरते. फूल सगळ्यांत शेवटी. आज मांडवात जे दिसतंय ते तारखेवरून उलटं मोजत आणलेलं आहे.

(क्लोजअप. डेलियाचा एकच देठ.)

हा डेलिया बघा. मूळचा मेक्सिकोचा. झेंडूही तिकडचाच, पण आपला दसरा त्याच्याशिवाय होत नाही. एका देठावर एकच फूल, हाताच्या पंजापेक्षा मोठं. आता फुलाकडे नको, खाली पानांच्या बगलेत बघा. प्रत्येक बगलेत एक छोटा तपकिरी वण आहे. तिथे कळी होती. मुगाएवढी असतानाच ती चिमटीने काढली. देठावरच्या अशा सगळ्या कळ्या गेल्या, तेव्हा सगळा जोर या एका फुलाला मिळाला. बक्षिसाचं कार्ड फुलाला लागतं. खरं तर ते या वणांना लावायला हवं.

गुलाबाचा हिशोब आणखी काटेकोर. छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी फूल येतं. म्हणजे प्रदर्शनाची तारीख कळली की गुलाबवाला आधी कॅलेंडरवर छाटणीचा दिवस मांडतो. थंडी जास्त पडली तर फूल रेंगाळतं, कमी पडली तर घाई करतं. मांडवाच्या कडेला दोन घट्ट मिटलेल्या कळ्यांची एक कुंडी आहे. पुढच्या आठवड्यात ती देखणी दिसेल. त्या आठवड्यात इथे क्रिकेट चालू असेल.

(बोगनवेलींची रांग. भगवा, राणी, पांढरा.)

बोगनवेलीला मात्र लाड चालत नाहीत. तिला ताण द्यावा लागतो. डाळिंबाच्या किंवा लिंबाच्या बागेत बहार धरताना पाणी तोडतात, तेच इथे कुंडीत. पानं मलूल होईपर्यंत पाणी बंद, मग हळूहळू चालू, आणि झाड रंगाने भरून जातं. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं आहेत, वनस्पतिशास्त्रात सहपत्रं. खरं फूल त्यांच्या मधोमध असतं, बारीक नळीसारखं, टोकाला पांढरं. घरी बोगनवेल फुलत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचा दोष एकच: रोज पाणी.

बोन्सायच्या टेबलापाशी सगळ्यांत जास्त गर्दी आणि सगळ्यांत कमी बोलणं. वड, पिंपळ, उंबर. आपली दमट हवा याच मंडळींना मानवते. पलीकडे झेंडूचा एक भलामोठा मोर केलाय, त्याच्यापुढे फोटोसाठी रांग आहे. आम्ही तिथे कॅमेरा लावला नाही.

भाजीचा विभाग लहान आणि प्रामाणिक. दुधी, नवलकोल, वांगी, कोणाच्या तरी गच्चीवरचा मुळा.

(कॅक्टसचा स्टॉल. मुलं टेबलाला नाक लावून उभी.)

लाल टोपीचा हा छोटा कॅक्टस मुलांना हमखास हवा असतो. ही खरं तर दोन झाडं आहेत. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नाही, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. म्हणून त्याचं हिरव्या, उभ्या कॅक्टसवर कलम केलेलं असतं. खालचा कमावतो, वरचा मिरवतो. काही वर्षांत जोडी तुटते. शेजारच्या कॅक्टसला मात्र सुकं फूल चक्क गोंदाने चिकटवलेलं आहे. विकणाऱ्याला विचारलं, तर तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

(प्राधिकरणाचा स्टॉल. झाडांच्या माहितीचे फलक.)

ज्यांच्या नावाने हे सगळं भरतं, त्या वृक्ष प्राधिकरणाला आधार आहे तो १९७५ च्या झाडांच्या संरक्षण आणि जतनाच्या कायद्याचा. सोसायटीतलं झाड तोडायची परवानगी याच कायद्याखाली मागावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात. त्या फलकापाशी थांबणारे थोडेच. फुकट रोप मिळतंय का, एवढं विचारून लोक पुढे सरकतात.

(दुपार. विक्रीचे स्टॉल. घासाघीस.)

रोपं येतात कुठून? बरीचशी पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या पट्ट्यातून. काही थेट आंध्रातून, गोदावरीच्या खोऱ्यातल्या कडियमहून. आंब्याची कलमं कोकणातली. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो, म्हणून चौकस गिऱ्हाईक ‘रत्ना’ मागतं. हा नीलम आणि हापूसचा संकर, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये दिलेला. बंगल्याला अंगण असेल तर घ्यावा. पाचव्या मजल्यावरच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये कुठलाही आंबा सुखी होत नाही, विकणारा काहीही म्हणो.

रोप निवडताना फुलं मोजू नका. पान उलटं करा. खाली कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, तो घरातल्या बाकीच्या कुंड्यांनाही गाठणार. मग कुंडीचं किंवा पिशवीचं बूड बघा. भोकातून जाड, तपकिरी मुळ्या बाहेर आल्या असतील तर रोप त्यात फार दिवस अडकलेलं आहे. गुलाब घेतलात तर डोळा कुठे भरलाय, म्हणजे कलमाचा जोड कुठे आहे, ते विचारून ठेवा. त्या जागेच्या खालून येणारा फुटवा जंगली असतो. तो जोमदार दिसतो म्हणून लोक जपतात, आणि वरचा गुलाब उपाशी मरतो.

एवढ्यासाठी तिकडे जायचं कशाला, असं म्हणणारेही ठाण्यात आहेत. त्यांचंही बरोबर आहे. याच दिवसांत येऊरच्या जंगलात काटेसावर आणि पांगारा फुलतो, मागोमाग पळस पेटतो, आणि त्यांना कोणी गेरू फासलेला नसतो.

(शेवटचा दिवस, संध्याकाळ. स्टॉल आवरताहेत.)

आता भाव उतरलेत. गुलाबी पिटुनियाच्या दोन कुंड्या बाजूला काढून एक बाई विचारतात, “दादा, हे टिकेल ना?”

“होळीपर्यंत, ताई. उन्हाळ्यात नाही राहायचं. ते मागचं घ्या.”

मागे काळ्या पिशव्यांत छाटलेल्या काड्या उभ्या आहेत. जेमतेम चार पानं.

“हे काय, वाळलेलं?”

“मोगरा आहे. आत्ताच छाटलाय. चैत्रात बोला माझ्याशी.”

बाईंनी एक पिशवी उचलली, फिरवून पाहिली, बूड तपासलं. पिटुनिया काही परत ठेवला नाही. तिन्हींचे मिळून पैसे विचारले आणि मोगऱ्याला फूल नाही म्हणून वीस रुपये कमी करून मागितले.