दोन सेंट परत

(पडद्यावर: सिगारेट विकणाऱ्या जुन्या यंत्राची खाच. एक नाणं आत सरकतं. खट्.)

साल १९५५. अमेरिकेच्या ईशान्य भागात सिगारेटचं पाकीट अशा यंत्रातून मिळायचं. किंमत २३ सेंट. यंत्रात टाकायचं २५ सेंटचं नाणं. यंत्राला मोड देता यायची नाही, म्हणून विकणाऱ्यांनी साधी युक्ती काढली होती. पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनाखाली आधीच दोन सेंट सरकवून ठेवायचे. गिऱ्हाइकाने पाकीट फोडायचं, सिगारेट ओठांत धरायची, चिल्लर खिशात टाकायची. दोन सेंटांकडे कोण बघतंय?

त्या वर्षी काही जणांनी बघितलं. नाण्यावरचं साल दोनदा लिहिलेलं होतं. १९५५, आणि त्याला चिकटून, किंचित सरकलेलं, आणखी एक १९५५. माणसाला वाटावं आपल्याच डोळ्यांना दुहेरी दिसतंय. चष्मा पुसून बघितलं तरी तेच. ‘लिबर्टी’ हा शब्दही दोनदा आणि वरच्या कडेचं ब्रीदवाक्यही दोनदा. नाणं उलटून बघितलं तर मागची बाजू मात्र अगदी सरळ, साधी.

(पडद्यावर: पोलादी ठसा, जवळून. त्यावरची उलटी अक्षरं.)

हे झालं कसं, ते समजून घ्यायचं तर टाकसाळीत एक पायरी मागे जावं लागतं. नाण्यावर छाप उमटवतो तो पोलादाचा ठसा. पण हा ठसाही कुठून तरी उमटवावाच लागतो. एक मूळ नमुना असतो, तो कोऱ्या पोलादावर प्रचंड दाबाने दाबायचा. त्या काळी एका दाबात चित्र पुरेसं खोल उतरत नसे. मग पोलाद भट्टीत तापवून मऊ करायचं आणि त्याच नमुन्याखाली पुन्हा ठेवायचं. दुसऱ्यांदा ठेवताना ते अगदी पहिल्यासारखंच बसलं पाहिजे. १९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत एक ठसा दुसऱ्या वेळी केसभर फिरलेला बसला. तो ठसाच दुहेरी झाला, आणि त्याच्याखाली आलेलं प्रत्येक नाणं दुहेरी झालं.

चूक कळेपर्यंत त्या ठशाने सुमारे ४०,००० नाणी पाडली होती. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त दुसऱ्या यंत्रांच्या नाण्यांत मिसळून गेली होती. आता करायचं काय? त्या काही हजारांसाठी चांगल्या नाण्यांचा अख्खा ढीग वितळवायचा, की जाऊ द्यायचं? त्यांनी जाऊ दिलं. सेंट म्हणजे काय, सगळ्यात छोटं नाणं! आज त्यातलं हातोहात फिरून झिजलेलं नाणंसुद्धा हजार डॉलरच्या वर जातं.

टाकसाळीची सगळी अब्रू एकसारखेपणावर उभी आहे. कोट्यवधी नाणी, आणि एकाचा दुसऱ्याहून रतीभरही फरक नाही. म्हणून तर आपण मोड मोजताना नाणी बघत नाही, नुसती चाचपतो. छापा-काटा करतानासुद्धा डोळा असतो तो वर काय पडलं त्यावर, नाण्यावर नाही. चुकलेलं नाणं याच सवयीच्या आडोशाने वर्षानुवर्षं फिरत राहतं.

(पडद्यावर: दोन सेंट शेजारी शेजारी. एक राखाडी, एक तांबूस. एक लोहचुंबक हळूहळू जवळ येतो.)

हे राखाडी नाणं १९४३ चं. दुसरं महायुद्ध चालू होतं, तांबं दारूगोळ्याला हवं होतं, म्हणून त्या वर्षी अमेरिकेने सेंट पोलादाचे काढले, वरून जस्ताचा मुलामा. १०० कोटींहून जास्त. पण आदल्या वर्षीच्या मोजक्या कोऱ्या तांबट चकत्या पेट्यांच्या सांदीकोपऱ्यांत अडकून राहिल्या होत्या. त्या पोलादी चकत्यांबरोबर यंत्राखाली गेल्या आणि त्यांच्यावर १९४३ उमटलं. आजवर अशी जेमतेम २०-२५ नाणी उजेडात आली आहेत.

त्यातलं एक मिळालं १६ वर्षांच्या एका मुलाला. १९४७ साली, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या त्याच्या शाळेच्या उपाहारगृहात, सुट्ट्या पैशांत. मुलगा नाणी जमवणारा होता, त्यामुळे १९४३ आणि तांबूस रंग हे जुळत नाही हे त्याच्या लगेच लक्षात आलं. तेव्हा एक वावडी जोरात होती, की असं नाणं आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवीकोरी मोटार देतो. मुलाने चौकशी केली. मोटार-बिटार काही नाही, असं उत्तर आलं. मग त्याने सरकारी खजिन्याकडे विचारणा केली. तिथून उत्तर आलं, की १९४३ चे सगळे सेंट पोलादाचेच आहेत, तांब्याचा एकही नाही.

ज्यांनी नाणं पाडलं तेच म्हणतात असं नाणं नाही. दुसरा कुणी असता तर त्याने त्याच दिवशी ते खर्चून टाकलं असतं. या पोराने ते जपून ठेवलं, आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ जपलं. त्याच्या मृत्यूनंतर जानेवारी २०१९ मध्ये लिलाव झाला तेव्हा त्या एका सेंटला २,०४,००० डॉलर आले. पैसे गेले गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला.

(पडद्यावर: लोहचुंबक. तांबूस नाणं टक्कन उडी मारून त्याला चिकटतं.)

हे मात्र खोटं. पोलादी सेंटला कुणीतरी तांब्याचा मुलामा दिला आहे. रंग फसवतो, चुंबक फसवत नाही. वजनाचा काटाही फसवत नाही. खरं तांबट नाणं ३.११ ग्रॅम भरतं, पोलादी २.७ च्या आसपास. आणखी एक हातचलाखी चालते, ती म्हणजे १९४८ च्या नाण्यातला ८ खरवडून त्याचा ३ करणं. इथे चुंबक कामाचा नाही, कारण ते नाणं खरोखरच तांबट असतं. इथे भिंग लागतं. खऱ्या ३ ची शेपटी चांगली लांब, खाली उतरलेली असते. खरवडलेला ३ आखूड आणि गुबगुबीत दिसतो.

नव्या संग्राहकाची सगळ्यात मोठी फसगत मात्र कुणी भामटा करत नाही, तो स्वतःच करून घेतो. दुहेरी अक्षरं दिसली की काळजाचा ठोका चुकतो. पण बऱ्याचदा ठसा अगदी ठीक असतो, छाप पडताना तो जरासा हादरलेला असतो एवढंच. या दोन्हींतला फरक भिंगाखाली दिसतो. ठसाच दुहेरी असेल तर दुसरं अक्षरही पहिल्यासारखंच गोलसर, उठावदार असतं आणि अक्षराच्या टोकाशी दोन रेघा फुटलेल्या दिसतात. हादऱ्यातून आलेली दुहेरी छटा सपाट, चेपल्यासारखी असते, पायरीवर पायरी ठेवावी तशी. पहिलीची किंमत होते, दुसरीला नाण्यावर लिहिलेली किंमतच मिळते. आणि हो, इंटरनेटवर कुणी अमुक लाख मागतोय म्हणून नाण्याची किंमत तेवढी होत नाही. मागणारा काहीही मागेल. विकलं कितीला गेलं, ते बघावं.

(पडद्यावर: वीस पेन्सचं सात कडांचं नाणं. कॅमेरा साल शोधत फिरतो. सापडत नाही.)

ब्रिटनमध्ये २००८ साली नाण्यांची चित्रं बदलली. वीस पेन्सवरचं साल काट्याच्या बाजूवरून छाप्याच्या बाजूवर आलं. टाकसाळीत कुणीतरी राणीच्या मुद्रेचा जुना ठसा आणि मागचा नवा ठसा अशी जोडी लावली. जुन्या मुद्रेवर साल नव्हतं, नव्या काट्यावर साल ठेवलेलं नव्हतं. नाणं बिनसालाचं झालं. अशी अडीच लाखांपर्यंत निसटली असा अंदाज आहे. आकडा मोठा, म्हणून किंमत बेताची. पण ती लोकांना खरोखर हातातल्या मोडीत मिळाली, हे महत्त्वाचं.

कारण उलटंही घडलेलं आहे. अख्खा देश नाणी धुंडाळतोय, आणि जे नाणं धुंडाळतोय ते बाजारात कधी आलेलंच नाही.

(पडद्यावर: पाच सेंटचं नाणं, स्वातंत्र्यदेवतेची मुद्रा. साल १९१३.)

१९१३ मध्ये अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर रेड इंडियन आणि बायसन आले, स्वातंत्र्यदेवता गेली. तरीही १९१३ साल असलेली देवीची पाच नाणी कुणीतरी गुपचूप पाडली. १९२० मध्ये टाकसाळीच्या एका माजी कर्मचाऱ्याने ती संग्राहकांना दाखवली तेव्हा जगाला कळलं. पुढे टेक्सासच्या एका नाणेव्यापाऱ्याने देशभर जाहिराती दिल्या, की १९१३ चं असं नाणं आणा, ५० डॉलर घेऊन जा. मंदीचे दिवस, ५० डॉलर म्हणजे केवढे! लोक चिल्लर उपसायला लागले. ट्रामचे कंडक्टर तिकिटाच्या पैशांतलं प्रत्येक नाणं उलटून बघायचे आणि गाडी खोळंबायची, असे किस्से सांगतात. व्यापाऱ्याला पक्कं माहीत होतं, की कुणालाही मिळणार नाही. त्याची नाण्यांवरची पुस्तकं मात्र खपली. लबाडच म्हणायचा, पण सामान्य माणसाला नाण्याकडे निरखून बघायची सवय लावली ती या लबाडाने.

त्या पाचांतलं एक नाणं एका संग्राहकाकडे होतं. १९६२ मध्ये मोटार अपघातात तो गेला. गाडीत इतर नाण्यांबरोबर हेही होतं. वारसांनी संग्रह लिलावाला काढला तेव्हा तज्ज्ञांनी हे नाणं हातात घेतलं आणि खोटं ठरवून परत पाठवलं. साल बदललंय, म्हणाले. त्याच्या बहिणीने ते पाकिटात घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. फेकलं नाही, विकलं नाही. भावाची वस्तू.

कपाटात चाळीस वर्षं गेली. २००३ मध्ये बाल्टिमोरला नाण्यांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. उरलेली चार तिथे एकत्र येणार होती, आणि हरवलेल्या पाचव्यासाठी १० लाख डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं. बहीण तोवर गेली होती. पुढच्या पिढीने नाणं कपाटातून काढलं आणि बाल्टिमोर गाठलं. सहा तज्ज्ञ रात्री उशिरा, बंद खोलीत, चार अस्सल नाण्यांशेजारी हे पाचवं ठेवून बसले. सगळ्यांचा कौल एकच आला: अस्सल. १९६२ मध्ये शेजारी ठेवायला अस्सल नाणी नव्हती, एवढाच काय तो फरक. २०१३ मध्ये ते ३१,७२,५०० डॉलरला विकलं गेलं.

(पडद्यावर: दिव्याखाली एक नाणं. ते सावकाश फिरवलं जातं.)

त्या बहिणीने आणखी एक गोष्ट केली, म्हणजे केली नाही. तिने नाणं घासलं नाही.

या नाण्याकडे बघा. दिव्याखाली फिरवलं की उजेडाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगरतात. छाप पडताना धातू मधून कडेकडे वाहतो, आणि त्याच्या वाहण्याच्या अतिबारीक रेघा पृष्ठावर राहतात. उजेड खेळतो तो त्या रेघांवर. आता हे दुसरं. तेच नाणं, त्याच वर्षाचं, कुणीतरी प्रेमाने घासून लखलखीत केलेलं. फिरवा. आरे नाहीत. सगळीकडून सारखीच चमक, आणि भिंगाखाली एकाच दिशेला गेलेले ओरखडे. धातूचा वरचा थर गेला, आणि तो परत आणता येत नाही. संग्राहक अशा नाण्याला हात लावत नाहीत, लावला तर किंमत पाडून मागतात. काळवंडलेलं नाणं काळवंडलेलंच राहू द्यावं. कडेला धरावं, बोटं पृष्ठाला लावू नयेत.

सापडलं म्हणजे आपलं झालं, असंही नाही. १९३३ चं २० डॉलरचं सोन्याचं नाणं घ्या. टाकसाळीने पाडलं, पण त्याच वेळी सोन्याच्या नाण्यांवर बंदी आली आणि जवळजवळ सगळी वितळवली गेली. फिलाडेल्फियातल्या एका कुटुंबाला बँकेच्या जुन्या लॉकरमध्ये अशी १० मिळाली. अस्सल आहेत का ते तपासून द्या, म्हणून त्यांनी ती सरळ टाकसाळीकडे दिली. टाकसाळीने तपासली. अस्सल आहेत, असं सांगितलं. आणि ठेवून घेतली. नाणी कधी कायदेशीर बाहेरच पडली नव्हती, तेव्हा ती सरकारची, असा दावा. २०११ मध्ये ज्यूरीने सरकारच्या बाजूने कौल दिला. याच सालाचं एकच नाणं खाजगी मालकीत ठेवायला सरकारने मुभा दिली आहे. ते २०२१ मध्ये १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. १९१३ ची पाचही मागच्या दारानेच आली होती ना? त्यांना कुणी विचारलं नाही.

(पडद्यावर: न्याहारीच्या धान्याचा खोका. त्याच्या तळाशी कागदावर चिकटवलेलं सोनेरी नाणं.)

शेवटची गोष्ट २००० सालची. अमेरिकेत नवं सोनेरी डॉलर-नाणं येत होतं, आणि त्याची ओळख व्हावी म्हणून टाकसाळीने चीरिओज या न्याहारीच्या धान्याच्या खोक्यांतून नाणी वाटली. एक कोटी खोक्यांत एकेक नवा सेंट, आणि ५,५०० खोक्यांत एक डॉलरसुद्धा. मुलांनी खोके फोडले, नाणी काढून घेतली.

पाच वर्षांनी, २००५ मध्ये, एक गोष्ट संग्राहकांच्या लक्षात आली. खोक्यातल्या डॉलरवरचा गरुड वेगळा होता. बाकी सगळ्या डॉलरवर त्याच्या शेपटीची पिसं गुळगुळीत. खोक्यातल्या डॉलरवर प्रत्येक पिसाची बारीक रेघ न् रेघ कोरलेली. टाकसाळीने पुढे रचना बदलली, आणि आधीच्या रचनेची नाणी खोक्यांतून घरोघरी जाऊन बसली. आज अशा एका नाण्याला हजारो डॉलर मिळतात.

ओळखली गेलेली फारच थोडी आहेत. काही अजून त्या कागदावर तशीच चिकटलेली निघतात. बाकीची मुलांनी न्याहारी संपवून खिशात टाकली, आणि दुकानात जाऊन खर्चून टाकली असणार. प्रत्येकी एक डॉलरला.