फोलपटांचा भाव

श्रोतेहो, नमस्कार.

काडीकचऱ्यापासून इंधन म्हटलं की आपल्या मनात पहिला शब्द येतो, ‘फुकट’. आज बोलायचंय ते या शब्दाबद्दल.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सला क्वेकर ओट्सची मोठी गिरणी. ओट सडले की टरफलांचे ढीग उरायचे. १९२२च्या सुमारास कंपनीनं ही फोलपटं आम्ल घालून वाफेवर शिजवायला आणि त्यांतून फरफ्युरल नावाचं रसायन काढायला सुरुवात केली. पुढे वंगणतेल शुद्ध करायला, रेझिन बनवायला ते खपलं. धंदा जमला यात रसायनशास्त्राचा वाटा आहेच. पण टरफलं दारातच पडली होती, ती गोळा करत कुणाला गावोगाव फिरावं लागलं नाही!

आता पानिपतला चला. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचं ऑगस्ट २०२२मध्ये उद्घाटन झालं. तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं. खर्च ९०० कोटींच्या वर. वर्षाला २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल, असा आराखडा. भागाकार करून बघा. वर्षाकाठच्या एका लिटरमागे ३०० रुपये भांडवल. १० टक्के व्याज धरलं तर लिटरमागे ३० रुपये तिथेच गेले, तेही कारखाना पूर्ण ताकदीनं चालला तर. आणि पेंढा उचलायला सवड किती? भात कापल्यापासून गहू पेरेपर्यंत, जेमतेम तीन आठवडे. तेवढ्यात गाठी बांधायच्या, वाहून आणायच्या, मग वर्षभर पावसापासून नि आगीपासून जपायच्या.

आपल्या साखर कारखान्यात बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं उसाचं चिपाड, मात्र दारातच असतो. टनभर उसामागे पावणेतीनशे-तीनशे किलो, त्यात निम्मं पाणी. पण तो काही रिकामा पडलेला नाही. बॉयलर त्याच्यावर चालतो, वीज होते, उरलेली विकली जाते. बगॅस उचलून नेलात तर बॉयलरला घालणार काय? म्हणून मला वाटतं, आधी फरफ्युरल काढून घ्यावं आणि राहिलेला चोथा वाळवून बॉयलरलाच द्यावा. गाईची धार काढून शेणही वापरावं, तसं.

विदर्भातल्या पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडांचं, गणित आणखी वेगळं. ‘न्या हो, शेत मोकळं होईल,’ म्हणणारा शेतकरी बांधावर ट्रक उभा राहिला की भाव विचारतो. विचारणारच! उपटायची मजुरी त्याच्याच खिशातून गेलेली असते. ट्रकवाल्याचं दुखणं निराळं. गाडी टपाच्या वर भरलेली दिसते, आणि काट्यावर चढवली की वजन काहीच नाही.