ब्रेक्झिटचा हिशेब आणि वाशीची पट्टी

(मंडळाच्या कोकण मेळाव्यात झालेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

मला बोलावलंत ते हापूसवर बोलायला, आणि त्यावर मी बोलणारच आहे. पण इथे ब्रिटनमध्ये आल्यापासून ज्या घरी जेवायला गेले, तिथे एक वाद ऐकला. एकाच घरातले दोन भाऊ, एकाच ताटातली सोलकढी, आणि ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा, विषय निघाला की एकाचं जेवण अर्ध्यावर राहतं. मी रत्नागिरीकडे अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य काढलं. घरची कलमं आहेत, ती आता मीच बघते. त्यामुळे हा वाद ऐकून गप्प बसवत नाही.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात इथे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही मत होतं, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. इथेच राबणाऱ्या पोलिश शेजाऱ्याला ते नव्हतं. तेव्हा बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के या निकालात दोन्ही बाजूंना आपली माणसं आहेत. मी कोणालाही खुळं ठरवायला आलेले नाही. मात्र दोन्हीकडचं सगळंच सारखं खरं, असंही म्हणणार नाही.

या भांडणात विष कालवलं ते आधी सांगितलेल्या आकड्यांनी. मतदानाच्या महिनाभर आधी ब्रिटनच्या अर्थखात्याने सांगितलं की नुसता बाहेर पडण्याचा कौल आला तरी लगेच मंदी येईल, पाच लाख नोकऱ्या जातील. कौल आला, मंदी आली नाही. दुसऱ्या बाजूने प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं की आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पाउंड पाठवतो. ब्रिटनला त्यातून मिळणारी सूट त्या आकड्यातून वजाच केली नव्हती, आणि तो दिशाभूल करणारा आहे हे इथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाआधीच सांगितलं होतं. या दोन आकड्यांचा मला आजही राग येतो. खोटे ठरले एवढ्यासाठी नाही. त्यांच्यामुळे लोकांचा पुढच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडाला, त्यासाठी.

खरं पडलं ते पाउंडचं मोल. एका रात्रीत तो डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. शंभर रुपयांच्या आसपास असलेला पाउंड वर्षभरात ऐंशीच्या घरात आला. आमच्या वाडीत एका मुलाने इथून पैसे पाठवून घर बांधायला काढलं होतं. चिरा येऊन पडलेला, जोतं झालेलं. त्याचा पगार तेवढाच, पण गावात पोचणारे पैसे कमी. स्लॅब पुढच्या उन्हाळ्यावर गेला. ब्रेक्झिटचा परिणाम झाला का, असं त्याच्या आईला विचारलंत तर ती तुम्हाला सिमेंटच्या पोत्यांत उत्तर देईल.

आता मुख्य वाद. बाहेर पडून देशाचं एकूण नुकसान झालं का, आणि किती? अर्थसंकल्पाचे अंदाज मांडणारी इथली सरकारी संस्था, ओबीआर, म्हणते की युरोपात राहिला असता त्या तुलनेत ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नातली तूट ६ ते ८ टक्के काढली. पॅट्रिक मिनफर्ड यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ २०१६ मध्ये सांगत होते की उलट ४ टक्के फायदा होईल. आणि बाहेर पडण्याच्या बाजूचे लोक आज विचारतात, जर्मनी तर युरोपातच आहे ना, मग २०१९ पासून तिची वाढ ब्रिटनपेक्षाही मंद का? प्रश्न रास्त आहे.

अडचण अशी की संघ न सोडलेलं ब्रिटन कुठेच नाही. ते मनाने उभं करावं लागतं. आमच्याकडच्या एखाद्या बागायतदाराचं बघा. वडिलांच्या वेळेपासूनचा वाशीचा दलाल त्याने सोडला आणि माल स्वतः पुण्याला विकायला लागला. त्याच साली अवकाळी पाऊस, मोहर काळा पडला, थ्रिप्सची कीड आली, वर कर्नाटकचा आंबा आधी बाजारात. मे अखेर हातात पैसे कमी. बायको म्हणते दलाल सोडायला नको होता. तो म्हणतो पाऊस झाला त्याला मी काय करू? कोण बरोबर? एकच मार्ग उरतो. त्याच डोंगरउतारावरचा, तोच पाऊस खाल्लेला, पण वाशीलाच माल पाठवणारा शेजारी शोधायचा आणि त्याची पट्टी, म्हणजे दलालाने दिलेला विक्रीचा हिशेब, मागून घ्यायची. किती पेट्या, काय भाव, हमाली किती, मोटारभाडं किती. ती आपल्या वहीशेजारी ठेवायची.

ब्रिटनच्या बाबतीत अभ्यासकांनी हेच केलं. कोविड आणि युक्रेन युद्धानंतरची महागाई सगळ्यांच्याच माथी आली, म्हणून इतर देशांचं मिश्रण करून एक शेजारी तयार केला आणि त्याच्याशी ब्रिटनला ताडलं. टीकाकार म्हणतात, तुम्ही शेजारीच सोयीचा निवडलात. त्यात अमेरिकेला जास्त वजन दिलं की तूट मोठी दिसणारच. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. फक्त जर्मनीचाच शेजारी घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की २०२२ पर्यंत रशियाच्या स्वस्त गॅसवर चालणाऱ्या कारखान्यांचा तो देश आहे. त्याची पट्टी वेगळ्या कारणाने पडली.

माझं मत विचाराल तर नुकसान झालेलं आहे. टक्का नेमका किती यावर मी पैज लावणार नाही, पण ते कुठे झालं ते दिसतं: माल निर्यात करणाऱ्यांचं, आणि त्यातही लहानांचं. सेवा विकणाऱ्यांचं, लंडनच्या कचेऱ्यांचं बरं चाललं. आजचं प्रत्येक दुखणं ब्रेक्झिटमुळे, हे मला पटत नाही. काहीच झालं नाही, हे तर मुळीच पटत नाही.

मासेमारीचं बघा, म्हणजे मालवणच्या माणसाला लगेच कळेल. इथल्या मासेमारी बंदरांत बाहेर पडण्याच्या बाजूने भावना तीव्र होती. कर्नाटकातल्या मलपीचे ट्रॉलर आपल्या समुद्रात घुसतात तेव्हा सिंधुदुर्गातल्या रापणकराचं, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याचं, रक्त कसं उसळतं, हे ज्याने पाहिलंय तो त्या मच्छीमारांना मूर्ख म्हणणार नाही. देशाच्या उत्पन्नात मासेमारीचा वाटा एक टक्काही नाही हे त्यांना सांगून काय उपयोग? समुद्र कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला टक्क्यांत उत्तर नाही.

पण पुढे काय झालं तेही त्यांच्याच तोंडून ऐकावं. २४ डिसेंबर २०२० ला युरोपीय संघाशी करार ठरला. ब्रिटिश पाण्यातला युरोपचा जो वाटा होता त्यातला एक चतुर्थांश टप्प्याटप्प्याने ब्रिटनकडे यायचं ठरलं. मे २०२५ मध्ये युरोपच्या बोटींना दिलेली मुभा २०३८ पर्यंत वाढवली गेली. आणि मासे पकडले तरी विकायचे कुठे? इथे पकडलेल्या मालाचा मोठा भाग युरोपात जातो. जानेवारी २०२१ पासून प्रत्येक खेपेला आरोग्य प्रमाणपत्र, त्यावर पशुवैद्याची किंवा तपासणी अधिकाऱ्याची सही. आपण ज्यांना शिनाणे, कालवं, तिसऱ्या म्हणतो, तसला जिवंत माल, जो आधी नेऊन तिकडे स्वच्छ करून विकला जायचा, तो कमी स्वच्छ वर्गाच्या पाण्यातून काढलेला असेल तर जाणंच बंद झालं. जिवंत कालव कागदाची वाट बघत बसत नाही. काल विकलं जाणारं आज त्याच माणसाकडून, त्याच पाण्यातून काढलेलं विकलं जात नव्हतं. इथे शेजाऱ्याची पट्टी मागायचीही गरज पडत नाही.

आता हापूस. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली. सोबत कारली, पडवळ, वांगी आणि अळूही. कारण फळमाशी. ब्रिटन संघात असल्यामुळे ती बंदी इथेही लागू झाली. इथल्या दुकानदारांनी आणि खासदार कीथ वाझ यांनी आवाज उठवला, पण निर्णय ब्रसेल्सचा, म्हणजे संघाच्या मुख्यालयाचा. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. बंदीच्या वर्षी आमच्याकडे किती घरांत धसका बसला होता ते मी पाहिलंय. तेव्हा अनेकजण म्हणाले, ब्रिटन एकटं असतं तर आपला आंबा अडला नसता. मला तसं वाटत नाही. माशी खरोखरच सापडत होती. बाहेर पडल्यावरही ब्रिटनने वनस्पतींच्या तपासणीचे नियम बऱ्याच अंशी तेच ठेवले. त्या बंदीने आमच्याकडे एक चांगलं काम केलं: गरम पाण्याची प्रक्रिया, बागेची नोंदणी, पॅकहाउसची शिस्त. ब्रसेल्सला शिव्या देत देत आम्ही सुधारलो.

भारत आणि ब्रिटनचा व्यापार करार २४ जुलै २०२५ ला झाला. ब्रिटन संघात असतं तर तो स्वतंत्रपणे करताच आला नसता, हे श्रेय बाहेर पडण्याच्या बाजूला द्यायलाच हवं. त्यात कोळंबीवरचं शुल्क काढायचं ठरलं, ही रत्नागिरीला आनंदाची गोष्ट. मात्र ब्रिटिश सरकारच्याच अंदाजाने या कराराचा ब्रिटनला होणारा लाभ दीर्घकाळात राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ टक्के आहे. ओबीआरच्या ४ टक्क्यांशी तुम्हीच ताडून बघा. आंब्याला शुल्काची अडचण कधी नव्हतीच, त्याला विमानभाडं मारतं.

आणि समोर बसलेल्या तरुणांविषयी बोलल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. युरोपातून मुक्त येणं थांबलं, २०२१ मध्ये गुणांवर आधारित व्हिसा आला, शिकून दोन वर्षं काम करायची मुभा आली, आणि भारतातून येणाऱ्यांची संख्या वाढली. चिपळूण-कुडाळची मुलं आज इथल्या इस्पितळांत आणि आयटीत आहेत. त्यांच्यासाठी ब्रेक्झिट म्हणजे उघडलेलं दार. त्यांच्या काकांच्या दुकानात मात्र युरोपातून येणाऱ्या मालाचे कागद वाढले. दोघं एकाच घरात राहतात, दोघंही खरं बोलतात.

अध्यक्षांना माझी एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत मतं मागवू नका, कागद मागवा. दुकान चालवणाऱ्यांनी २०१९ आणि आताची आयातीची बिलं आणावीत, व्हिसावर आलेल्यांनी त्याचा एकूण खर्च सांगावा, मालवाहतुकीत काम करणाऱ्यांनी एका खेपेला लागणारे फॉर्म दाखवावेत. नावं झाका हवी तर. मी गावाहून एका हंगामाचा निर्यातीचा खर्च पेटीमागे मांडून पाठवते: तोडणी, प्रक्रिया, खोका, भाडं. इथे ती पेटी कितीला विकली जाते ते तुम्ही लिहून ठेवा. एप्रिलपासून सुरुवात करू, मेच्या शेवटच्या पेटीपर्यंत.