फ्लिप टर्न मारला की धाप का लागते?

नमस्कार मंडळी! मागे दिसतोय तो पणजीचा कांपालचा जलतरण तलाव. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं पोहणं इथेच झालं. आज बोलायचंय ते त्या समोरच्या भिंतीबद्दल. भिंतीपाशी पाण्यातच कोलांटी मारायची आणि पायांनी भिंत ढकलून परत फिरायचं, तो फ्लिप टर्न.

आपल्याकडे कितीतरी जण नदीत, नाहीतर समुद्रात पोहायला शिकलेत. मिरामारला किलोमीटरभर आरामात जाणारा माणूस इथे चार लॅप मारून कठडा धरून उभा राहतो. ताकद कमी पडते असं नाही. समुद्रात वाटेल तेव्हा तोंड बाहेर काढता येतं. इथे श्वास कधी घ्यायचा ते भिंत ठरवते.

टर्नमध्ये जीव घुसमटतो तेव्हा आपल्याला वाटतं, ऑक्सिजन संपला. तो एवढ्यात संपत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू ‘श्वास घे’ म्हणून ओरडायला लागतो, ती ही घुसमट. त्यात बहुतेक जण गाल फुगवून हवा कोंडून ठेवतात. मग वर आल्यावर तोंड पाण्याबाहेर असतं क्षणभर, आणि तेवढ्यात जुनी हवा सोडायची आणि नवीही घ्यायची. दोन्ही अर्धवट होतं. असे तीन-चार टर्न झाले की धाप लागलीच म्हणून समजा.

म्हणजे खरं काम हवा सोडण्याचं आहे. गवई तान घेण्याआधीच श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून ठेवतो, तसंच इथे भिंतीच्या आधी ठरवायचं.

(पाण्याखालचा शॉट)

तळावरची काळी पट्टी बघा. भिंतीच्या 2 मीटर अलीकडे ती संपते, आणि तिथे आडवी रेघ आहे. शेवटचा श्वास त्या रेघेच्या थोडा आधी. अगदी शेवटच्या स्ट्रोकला मान वळवली तर कंबर खाली जाते, भिंत नजरेतून सुटते आणि कोलांटी तिरकी बसते. पण याच्या उलटही करू नका! वर ते झेंडे लावलेत ना, 5 मीटरवर, ते पाठीवर पोहणाऱ्या बॅकस्ट्रोकवाल्यांसाठी. ते दिसले की काही जण घाबरून तिथूनच श्वास बंद करतात. फुकट दोन श्वास गेले.

आता कोलांटी. हनुवटी छातीला लावा, तोंड मिटा आणि ‘म्म्म’ असा आवाज काढा. तोंड मिटलेलं असताना गुणगुणलं की हवा नाकातूनच जाणार, दुसरी वाटच नाही. उलटं होताना नाक वर असतं. हवा थांबली की क्लोरीनचं पाणी आत, आणि पार कपाळापर्यंत झणका! पण सगळी हवा इथेच उडवू नका. पाय भिंतीला टेकेपर्यंत पुरेल एवढीच. भिंतीवरून निघालात की बारीक धार चालू ठेवा. उरलेली हवा पहिल्या श्वासाच्या ऐन आधी, जोरात बाहेर. म्हणजे तोंड बाहेर आल्यावर फक्त घ्यायचं काम उरतं. पहिल्या स्ट्रोकला श्वास नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्याला.

राहिली डॉल्फिन किक, म्हणजे पाण्याखाली दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारायचे. नियमाने फ्रीस्टाइलमध्ये टर्ननंतर 15 मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं, आणि टीव्हीवरचे जलतरणपटू त्याचा पुरेपूर फायदा घेतात. आपण घेऊ नये, निदान एवढ्यात तरी. मांड्यांचे मोठे स्नायू ऑक्सिजन भराभर खातात. 1500 मीटरच्या शर्यतीत 50 मीटरच्या तलावात 29 टर्न येतात, 25 मीटरच्या तलावात 59. दोनच किक मारा, पण पहिल्या टर्नला दोन तर शेवटच्यालाही दोन.

सरावाला पूर्ण लॅपची गरज नाही. भिंतीपासून 10 मीटरवरून निघा, टर्न मारा, परत 10 मीटर या, थांबा. श्वास पूर्ण शांत झाला की पुन्हा. हे जमलं की मग सलग 200 मीटर.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. पाण्यात उतरण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन ‘दम भरून’ घेऊ नका. त्याने कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मेंदूची घंटा वाजतच नाही, आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतो. श्वास रोखण्याचा सराव एकट्याने कधीच नको. सोसायटीच्या कमरेएवढ्या पाण्यात कोलांट्याही नकोत, डोकं तळाला आपटेल. लाइफगार्ड असलेला, खोल पाण्याचा तलाव शोधा.