हिरवी वायर कुठे जाते?

(दृश्य : टेबल. गरम सोल्डरिंग आयर्न. टेस्टरचं टोक आयर्नच्या बिटला, म्हणजे तापणाऱ्या टोकाला, टेकतं आणि आतला नारिंगी दिवा मंद लागतो.)

सोल्डर छान वितळतंय आणि बिटला टेस्टरही लागतोय, म्हणजे बिटवर करंट येतोय.

हे २५ वॉटचं टू पिन आयर्न मी अकरावीत असताना घेतलं. जोराचा शॉक त्याने कधी दिला नाही, पायाखाली ओली फरशी असली की बोटांना मुंग्या चावल्यासारखं व्हायचं इतकंच. "एवढं तर लागतंच," असं मला काम शिकवणारे म्हणायचे, म्हणून मीही वर्षानुवर्षं चालवून घेतलं. मग एका संध्याकाळी इन्व्हर्टरच्या बोर्डावरचे नवेकोरे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) गेले. पुन्हा नवे टाकले, तेही गेले. तेव्हा कुठे बिट आणि अर्थ (जमिनीला जोडलेली वायर) यांच्यामध्ये मीटर लावायचं सुचलं. काटा ९० व्होल्टच्या आसपास डोलत होता. बहुतेक मॉसफेटच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, २० व्होल्टच्या वर सोसत नाही.

(दृश्य : मूठ सोडवलेलं आयर्न. अभ्रकाचा चुरा टेबलावर सांडतो.)

आत पाहा. पोलादी नळी, तिच्यावर अभ्रकाचा पापुद्रा आणि त्याच्यावर गुंडाळलेली, तापणारी नायक्रोमची तार. तारेत २३० व्होल्ट, नळीत बिट, आणि दोघांच्या मध्ये फक्त हा पापुद्रा. एसी करंट अशा पातळ आडोशाला पुरता जुमानत नाही, थोडा पलीकडे झिरपतोच. झिरपणारा करंट किरकोळ असतो म्हणून माणूस वाचतो, गेटला मात्र तेवढाही पुरतो. पावसाळ्यात खणात पडून राहिलेलं आयर्न ओल धरतं आणि गळती वाढते. अभ्रक तडकून तार नळीला टेकली, तर मग किरकोळ काही राहत नाही. अख्खी फेज तुमच्या हातातल्या धातूवर येते.

उपाय सगळ्यांना माहीत आहे, तिसरी, हिरवी, अर्थची वायर. ती घ्यायला आम्ही पुण्याच्या तापकीर गल्लीत आलो.

(दृश्य : तापकीर गल्ली. वायरींची भेंडोळी, हातगाड्या, हॉर्न.)

"किती एमएम?" काउंटरवरून पहिला प्रश्न येतो. हिशेब केला तर हसू येईल. २५ वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे जेमतेम ०.११ अँपिअर. एवढ्याला कुठलीही वायर चालते, आणि म्हणूनच आयर्नला घरात सापडेल तो तुकडा जोडला जातो.

पण आयर्नची वायर करंटने मरत नाही. ती मरते बिटच्या चटक्याने, नाहीतर मुठीपाशी वाकून वाकून.

(दृश्य : तीन वायरी शेजारी शेजारी. एकीचाही प्लग लावलेला नाही. गरम बिट एकेकीला टेकतं.)

पहिली साधी पीव्हीसी. तिचं इन्सुलेशन साधारण ७० अंशांपर्यंतचं, आणि बिट ३५० च्या आसपास. मोजून पाहा, एक... दोन... तांबं उघडं पडलं. कामाच्या नादात हे घडतं तेव्हा आपलं लक्ष जॉइंटकडे असतं, वायरीकडे नाही.

दुसरी सिलिकॉनची. बिट टेकलं तरी डाग पडून राहतो. थंडीतही मऊ, हाताला ओढ लागत नाही. दोष एकच, ब्लेडचा किंवा धारदार पत्र्याचा काप तिला लगेच बसतो. गल्लीत चार दुकानं फिरल्यावर एका ठिकाणी मिळाली, तीही सुटी, तीन रंगांत.

तिसरी माझी आवडती. इस्त्रीची वायर, वर सुती वेणी आणि आत रबर. सूत करपतं, वास येतो, आणि त्या वासानेच आपण हात मागे घेतो. थोडी बोजड आहे, पण कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मागा. तीन कोरची, ०.७५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे आत ०.२ मिलिमीटरच्या २४ तारा. आयएसआयचा शिक्का बघून घ्या.

स्वस्त वायर घेतलीत तर एक तार काडीपेटीवर धरा. तांबं लाल होईल, टिकेल. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम वितळून गळून पडेल. ब्लेडने खरवडलं तरी आतून पांढरं दिसतं.

(दृश्य : जवळून. हिरवी वायर स्क्रूखाली बसते.)

तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. जुन्या वायरीत लाल, काळी, हिरवी. हिरवी थेट नळीच्या धातूला, वॉशर घालून. ती बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवायची. वायर खेचली गेलीच, तर ती सर्वांत शेवटी सुटली पाहिजे. आपल्या थ्री पिनमध्येही तेच डोकं लढवलंय. जाड पिन लांब असते, आधी आत जाते, शेवटी बाहेर येते. मुठीच्या तोंडाशी क्लॅम्प आणि रबरी बुश हवाच, ओढ जॉइंटवर येता कामा नये.

आता मीटर. प्लग बाहेर काढून. जाड पिन ते बिट, २ ओहमच्या आत. आमचं आधी ४० आलं. बिट बाहेर काढलं, काजळी घासली, स्क्रू आवळला. १.१.

(दृश्य : प्लग सॉकेटमध्ये जातो. टेस्टर बिटला. दिवा लागतो.)

लागला! वायर नवी, जॉइंट पक्का, आणि तरी दिवा लागलाच.

मग सॉकेट तपासलं. फेज-न्यूट्रल २३०. फेज-अर्थही तेवढंच हवं, पण आलं १४०, तेही डुलणारं. म्हणजे आमची हिरवी वायर भिंतीत शिरून कुठेच पोचत नव्हती. अशी वायर नसलेली परवडली. कारण मजल्यावरच्या सगळ्या सॉकेटांचे अर्थ एकमेकांना जोडलेले, तेव्हा शेजारच्यांच्या फ्रिजची गळती आता माझ्या बिटवर येत होती.

वायरमन आला. पकड काढता काढता म्हणाला, "साहेब, न्यूट्रलमधून एक तुकडा मारू का अर्थला? दोन मिनिटांत होईल."

होईल खरं. टेस्टर विझेल, मीटर खूश होईल. पण कधी मागे न्यूट्रल तुटला, तर फेज चालू उपकरणातून परत येऊन त्याच तुकड्यातून बॉडीवर चढेल, अख्खे २३० व्होल्ट. नको म्हटलं. त्याऐवजी मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला आणि दोघं हिरव्या वायरीमागे जिना उतरलो.

खाली जाईपर्यंत एक सांगून ठेवतो. टीव्ही दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक मुद्दाम टू पिन आयर्न वापरायचे, आणि तो निव्वळ अडाणीपणा नव्हता. पुष्कळ सेटांची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनला जोडलेली असे. अर्थ असलेलं बिट तिथे टेकलं की धडाम! एसएमपीएसच्या (आजच्या उपकरणांतल्या पॉवर सप्लायच्या) प्रायमरी, म्हणजे मेनकडच्या, बाजूला आजही तेच होतं. म्हणून ज्या वस्तूवर काम, तिचा प्लग आधी बाहेर. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत साठलेले असतात, तो बल्ब लावून उतरवायचा. अर्थ काढून टाकणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

(दृश्य : इमारतीची मागची बाजू. स्कूटरखाली लोखंडी झाकण.)

हा अर्थिंगचा खड्डा. कोळसा, मीठ, खाली प्लेट. मे महिना, माती भेगाळलेली, पाणी घालायचं नळकांडं चिप्सच्या पाकिटांनी बुजलेलं. पट्टी वरपर्यंत आलीय. नटापाशी बोट लावलं तर ती हलते. नट गंजून सुटलाय.

वायरमनने मेन बंद केलं. पट्टी पॉलिशपेपरने घासली, नवा नट, नवा वॉशर, वर ग्रीस. खड्ड्यात तीन बादल्या पाणी. माती ते बुडबुडे काढत पीत राहिली.

तेवढ्यात वॉचमन काका गेटकडून आले. "लाइट का घालवली?"

"पाच मिनिटं, काका. अर्थिंगचा नट आवळतोय."