भीती वाटते ना? कुठं वाटते?

नमस्कार. मागची मुलं पुढं या, इथं जागा आहे, उभं राहू नका.

मला विषय दिलाय वायुसेनेतल्या करिअरच्या संधी. ते बोलूच, पण महिनाभरापूर्वी एका मुलाचा फोन आला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरंच चाललंय. बारावीतला मुलगा, एनडीएची तयारी करतोय, गणित चांगलं, रोज सकाळी पळतो, सगळं व्यवस्थित. आणि एकदम हळू आवाजात, बहुतेक घरातलं कुणी ऐकेल म्हणून असेल, मला विचारतो, सर मला फायटर पायलट व्हायचंय पण मला विमानात बसायची भीती वाटते, फॉर्म भरू का नको?

मी वीसएक वर्षं हेलिकॉप्टर उडवलं, आणि सुरुवातीला मलाही भीती वाटायची, खूप वाटायची, हे मी नोकरीत असताना फार कमी लोकांना सांगितलं. आज तुमच्यासमोर सांगतो, कारण त्या मुलासारखे अजून दोनचार जण या हॉलमध्ये नक्की बसलेत.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्या गावात उन्हाळ्यात सगळी पोरं विहिरीत उड्या मारायची आणि मी पायऱ्यांनी उतरून पोहायचो, कारण काठावर उभं राहून खाली बघितलं की माझे पाय गळायचे. आणि दुसरं म्हणजे मला गाडी लागायची. महाबळेश्वरला जाताना एसटीत आई माझ्यासाठी पिशवी आणि लिंबू घेऊनच बसायची. अशा मुलाच्या डोक्यात पायलट व्हायचं कुठून आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण आलं आणि मग गेलंच नाही.

एसएसबीला, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडतात त्या मुलाखतीला गेलो. तिथं मैदानात १० अडथळे असतात आणि वेळ ३ मिनिटं, त्यातल्या कमांडो वॉकला, म्हणजे उंचावरच्या अरुंद फळीवरून चालायचं असतं तिथं, मी आधी नुसता उभा राहिलो, मग चाललो. पायलटची टेस्ट वेगळी असते, आमच्या वेळी तिला पीएबीटी म्हणायचे, आता कॉम्प्युटरवर घेतात आणि सीपीएसएस म्हणतात. समोर स्क्रीनवर एक ठिपका पळत असतो, हातात स्टिक, पायाखाली पेडल, ठिपका चौकोनात धरून ठेवायचा आणि मधेच दिवे लागतात, आवाज येतात, ते पण बंद करायचे. ही परीक्षा आयुष्यात एकदाच, नापास झालात तर पायलटसाठी परत देता येत नाही, म्हणून आदल्या रात्री नीट झोपून जा, एवढं तरी ऐका माझं. मी पास झालो. आणि मग मेडिकलला डॉक्टरांनी विचारलं, गाडी लागते का? मी म्हटलं नाही. हे मी खोटं बोललो आणि ते चूक होतं, त्याची किंमत पुढं मोजली, ते सांगतोच.

खडकवासल्याची, म्हणजे एनडीएची तीन वर्षं झाली आणि फ्लाइंग सुरू झालं. आमच्या वेळी पहिलं विमान म्हणजे एचपीटी-३२, पंख्याचं छोटं विमान, शेजारीशेजारी दोन सीट, डावीकडे शिकणारा आणि उजवीकडे इन्स्ट्रक्टर. त्यात इजेक्शन सीट नव्हती. आता हैदराबादजवळ डुंडीगलला, वायुसेनेच्या अकादमीत, पिलाटस पीसी-७ मार्क टू आहे, २०१३ ला आलं, त्यात इजेक्शन सीट आहे.

पहिल्या पाचसहा सॉर्टींमध्ये, म्हणजे उड्डाणांमध्ये, मी तीनदा ओकलो. सकाळी साडेचारला उठायचो तेव्हाच पोटात गोळा असायचा, नाश्ता जायचा नाही, बसमधून टारमॅकवर जाताना हात गार पडायचे. आणि हे सगळं मी लपवत होतो. रूममेटला सांगितलं पोट बिघडलंय. कारण आम्हाला सगळ्यांना माहिती होतं की प्रगती नीट नसली की रिव्ह्यू लागतो आणि मग फ्लाइंगमधून सस्पेंड करतात.

माझ्या बॅचमध्ये अजून एक जण होता, त्याचंही असंच. तो बाजारातून गोळ्या आणून गुपचूप खायचा. मुलांनो, हे कधीही करू नका. उलटीच्या गोळीनं झोप येते, रिअ‍ॅक्शन मंदावते, आणि तुम्ही कंट्रोलवर आहात. एअरक्रूनं डॉक्टरला न विचारता साधी सर्दीची गोळी पण घ्यायची नसते. तो सस्पेंड झाला, ग्राउंड ड्युटीत गेला, तिथं चांगलं नाव काढलं त्यानं. आम्ही अजून भेटतो. तो म्हणतो सस्पेंड झाल्याचं आता काही वाटत नाही, पण ते सहा आठवडे मी एकटा होतो, कुणाला बोललो नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

माझं नशीब असं की माझ्या इन्स्ट्रक्टरनं मला पकडलं. सॉर्टी संपली, विमानापासून चालत येत होतो, सर थांबले आणि म्हणाले, "डर लगता है?" मी म्हटलं, नो सर. त्यांनी ऐकलंच नाही मी काय म्हटलं ते. म्हणाले, "कहाँ लगता है? टाइम बता." मला कळेचना. म्हणजे भीती वाटते का हा त्यांचा प्रश्नच नव्हता, ती त्यांनी धरूनच चालली होती, त्यांना हवी होती जागा आणि वेळ. त्यांनी मला एक छोटी वही करायला लावली, प्रत्येक सॉर्टीनंतर लिहायचं की भीती कधी वाटली, तेव्हा विमान काय करत होतं, कंट्रोल कुणाकडे होते.

दहा दिवस लिहिलं. आणि जे वहीत निघालं त्यानं मी चकितच झालो. मला वाटायचं मला उडायची भीती वाटते, म्हणजे सगळ्याचीच. तसं नव्हतंच. टेकऑफला काही वाटत नव्हतं. सरळ उडताना नाही. उजवीकडे वळताना पण नाही. भीती वाटायची ती डाव्या वळणात, कारण मी डावीकडे बसायचो आणि पंख खाली गेला की थेट जमीन दिसायची. तीव्र वळण असलं, ६० अंशांचं, तर उंची न सोडता वळायला शरीरावर २ जी येतात, म्हणजे ६५ किलोचा माणूस १३० किलोचा होतो, गाल खाली ओढले जातात, आणि तेव्हाच मी खाली बघायचो. आणि उलटी? तीनही वेळेला कंट्रोल सरांकडे होते, माझ्याकडे असताना एकदाही नाही.

आता हे का होतं ते सांगतो, कारण हे समजलं की निम्मं ओझं उतरतं. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव असतो, डोकं वळलं की तो मागं राहतो आणि मेंदूला कळतं आपण वळतोय. आता विमानात डोळे कॉकपिटच्या आत आहेत, ते सांगतात सगळं स्थिर आहे, आणि कान सांगतो आपण फिरतोय. दोघांचं पटत नाही आणि पोट ढवळतं. घाटात एसटीतले निम्मे लोक पिशव्या घेऊन बसलेले असतात पण ड्रायव्हरला कधी गाडी लागलेली बघितली का तुम्ही? वळण कधी येणार ते त्याला आधी माहिती असतं, स्टिअरिंग त्याच्या हातात असतं. तेच माझं होत होतं. ज्यांच्या कानातली ही यंत्रणा जन्मापासून किंवा आजारानं पूर्ण बंद असते त्यांना गाडी लागतच नाही. म्हणजे बघा, गाडी लागणं हे तुमचा कान धडधाकट असल्याचं लक्षण आहे, तुम्ही घाबरट असल्याचं नाही!

या यंत्रणेवर रॉबर्ट बारानी नावाच्या डॉक्टरनं काम केलं, त्याला १९१४ चं नोबेल मिळालं आणि ती बातमी आली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. त्याच्या नावाची फिरती खुर्ची असते, त्यात बसवून हळूहळू डोक्याची सवय करतात, रोज थोडं थोडं, आणि बहुतेकांचं शरीर शिकतं. आपल्याकडे बंगळुरूला इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन आहे, १९५७ पासून, तिथले डॉक्टर हेच सगळं बघतात. अंतराळात गेलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना पहिले दोनतीन दिवस मळमळतं, आणि ते तर निवडून निवडून घेतलेले लोक. मी मेडिकलला खरं बोललो असतो तर कदाचित जास्त प्रश्न विचारले असते, अजून तपासलं असतं, कदाचित घेतलंही नसतं, ते मला माहितीये, पण तीनदा ओकल्यावर एकट्यानं बाथरूममध्ये ओव्हरऑल धुण्यापेक्षा ते बरं होतं.

आणि विहिरीचं काय? उंचीची भीती आणि उडायची भीती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीच्या काठावर तुमचे पाय जमिनीला टेकलेले असतात आणि नजर काठापासून तळापर्यंत सलग जाते, शरीराला तोल धरायचा असतो आणि नजरेला जवळ धरायला काही मिळत नाही म्हणून डगमगतं. विमानात तसं सलग काही नसतंच, जमीन नकाशासारखी दिसते. शिडीवर चढायला घाबरणारे चांगले पायलट मी स्वतः बघितलेत.

मग सरांनी काय केलं, तर डावं वळण आलं की कंट्रोल माझ्याकडे द्यायला लागले. "तू घुमा." आणि नजर खाली नाही, क्षितिजावर, नाकाच्या पुढं. दोन आठवड्यांत वहीतून डावं वळण गेलं. मग स्पिन आला, म्हणजे विमान मुद्दाम स्टॉल करून, वेग इतका कमी करून की पंखांना विमान पेलत नाही, गरगर फिरत खाली सोडायचं आणि मग बाहेर काढायचं. त्याची भीती वाटणारच, ती सगळ्यांना वाटत होती, पण त्याला क्रम आहे, थ्रॉटल बंद, फिरण्याच्या उलट पूर्ण रडर, म्हणजे पायानं चालणारं शेपटीचं सुकाणू, स्टिक पुढं, फिरणं थांबलं की रडर मध्ये, मग हळू बाहेर. मी तो क्रम रात्री पलंगावर बसून पायानं करायचो. डोकं कामात असलं की भीतीला बसायला जागा कमी पडते, हे माझं स्वतःचं बघितलेलं आहे.

आता थोडं मागं जातो, कारण मला या गोष्टीचा राग आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० एअरक्रू होते, त्यातले ५५,५७३ मेले. विशीतली पोरं. ३० मोहिमा झाल्या की एक टूर पूर्ण, आणि आकडे बघितले तर कळतं किती जणांची टूर पूर्ण होत असेल. त्यातला एखादा म्हणाला की आता मला जमत नाही, तर त्याच्या कागदावर एलएमएफ लिहायचे, लॅक ऑफ मॉरल फायबर, म्हणजे नैतिक बळ कमी. वीस मोहिमा करून आलेल्या माणसाला! विंग काढून घ्यायचे, सगळ्यांपासून लांब पाठवून द्यायचे. त्यामुळं झालं काय, पोरं बोलायचीच बंद झाली, हात थरथरत असताना विमानात चढली, आणि त्यांच्या जिवावर मागं अजून सहा माणसं बसलेली असायची. भीतीला लाज जोडली की असं होतं. आपल्या घरांमध्ये पण मुलाला म्हणतात ना, काय रे घाबरतोस, बायकांसारखा. आता २०१६ पासून आपल्याकडे बाया फायटर उडवतात, २०२२ पासून एनडीएत मुली आहेत, तेव्हा ते वाक्य तरी बंद करा.

पुढं हैदराबादजवळ हकीमपेटला चेतक हेलिकॉप्टर शिकलो, मग चीता हेलिकॉप्टर, मग सियाचीन. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, आणि तिथले काही हेलिपॅड २०,००० फुटांच्या आसपास आहेत, हेलिपॅड म्हणजे बर्फावरची एक चौकोनी जागा. एक इंजिन. रॉकेलचा एक जेरीकॅन जास्त घेतला तरी फरक पडतो. तिथं मी रोज घाबरायचो आणि ती भीती मी घालवायचा प्रयत्न पण केला नाही, कारण तीच मला वजनाचा हिशेब दुसऱ्यांदा करायला लावायची, तापमान परत विचारायला लावायची. ज्याला तिथं काहीच वाटत नाही त्याच्या शेजारी बसायला मला आवडलं नसतं.

पण हे पण खरं सांगितलं पाहिजे की प्रत्येकाचं जमेलच असं नाही. कुणाला विमान नुसतं डोक्यात आलं तरी श्वास कोंडतो, वर्षानुवर्षं, तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि मग ठरवा. वायुसेनेत एअर ट्रॅफिक कंट्रोल आहे, इंजिनिअरिंग आहे, हवामान आहे, आणि त्यांच्याशिवाय एक विमान उडत नाही. पण न तपासता स्वतःच स्वतःला नापास करू नका. एनसीसीची एअर विंग पुण्यात, नागपुरात आहे, तिथं कॅडेटना मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानात, उडायला मिळतं, जॉइन करा. कामशेतला पॅराग्लायडिंग आहे, पैसे जमले तर एकदा इन्स्ट्रक्टरबरोबर उडून बघा. आणि वही ठेवा.

त्या मुलाला मी फोनवर तेच विचारलं जे मला विचारलं होतं. म्हटलं, किती वेळा बसलायस विमानात? म्हणाला एकदा, पुणे ते दिल्ली, मामाच्या लग्नाला. म्हटलं, भीती कुठं वाटली, नेमकं कधी? बराच वेळ गप्प होता, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, सर, दार बंद केलं ना, तेव्हा. मी विचारलं, आणि उडाल्यावर? परत गप्प. मग म्हणाला, उडाल्यावर मी खिडकीतून बघत होतो.

येत्या रविवारी तो माझ्याकडे येतोय.