शेजारच्या कागदावर

[दृश्य : ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय. टेबलावर जुन्या मासिकांचे बांधीव खंड. पानं उलटणारा हात.]

लेखक जयवंत दळवी 'ललित' मासिकात ठणठणपाळ या टोपणनावानं सदर लिहायचे. साहित्यातल्या मोठमोठ्या नावांना चिमटे काढणारं सदर. लिहिणारा पडद्याआड, त्यामुळे वाचकापुढे फक्त एक नाव आणि एक आवाज. त्या आवाजाला अंगकाठी दिली चित्रकार वसंत सरवट्यांनी. हातात हातोडा घेतलेली त्यांची ती आकृती पानावर आली आणि सदर वाचताना तोच माणूस बोलतोय असं वाटू लागलं. दळवींनी लिहिलेला ठणठणपाळ आणि सरवट्यांनी काढलेला ठणठणपाळ आता एकमेकांपासून वेगळे काढता येणार नाहीत.

मी चित्रकार आहे. नौपाड्यात राहते. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, दिवाळी जवळ आली की अंकांसाठीही. या फिल्मसाठी माझ्या कामाबद्दल बोलायचं ठरलं, तेव्हा मी एकच अट घातली. ज्यांचं बघून मी शिकले आणि ज्यांच्या सोबतीनं माझी पुस्तकं झाली, त्यांच्याशिवाय हे बोलणं होणार नाही.

हे ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. कॉलेजात मी शरीररचना शिकले, रंगसंगती शिकले. पण गोष्टीतल्या कुठल्या वाक्यापाशी चित्र घालायचं आणि कुठल्या वाक्याला एकटं सोडायचं, हे या पिवळ्या पडलेल्या पानांनी शिकवलं.

[दृश्य : जुन्या अंकातलं काळ्या रेघांचं चित्र. कॅमेरा इतका जवळ, की शाईची कड दिसते.]

ही रेघ बघा. त्या काळी कागदावरचं चित्र जसंच्या तसं छापलं जात नसे. ब्लॉकमेकर ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, रेघांमधला नको असलेला भाग आम्लात झिजवायचा, आणि जे उंच उरेल त्याला शाई लागायची. लाइन ब्लॉकमध्ये एक तर काळं, नाहीतर कोरं. मधली करडी छटा हवी असेल तर चित्रकारानं ती बारीक रेघांनी किंवा ठिपक्यांनी स्वतः उभी करायची. त्या रेघा फार जवळ आल्या तर छापताना शाई भरून डाग व्हायचा, फार लांब गेल्या तर सावली विरायची. म्हणजे चित्रकाराच्या मनात ब्लॉकमेकरचं आम्ल आणि छापखान्यातली शाई आधीपासून असायची. ही चित्रं इतकी नेमकी दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला. चित्रकारच अंकाचा कर्ता. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'राजा शिवछत्रपती'साठी त्यांनी काढलेली चित्रं पाहून मराठी घरांतल्या कितीतरी मुलांनी शिवकाळ पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. शि. द. फडणिसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली आणि आकडेमोडीच्या पानावर मुलं हसू लागली. इतिहासकार काय, गणिताचे मास्तर काय, या सगळ्यांच्या कामात एक चित्रकार सामील झाला आणि विषय लोकांच्या घरात गेला.

पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते सरवटेच. व्यवसायानं सिव्हिल इंजिनिअर, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी, आणि त्यासोबत इतक्या लेखकांच्या पुस्तकांना चित्रांची साथ. एवढं हातात असताना या माणसानं 'परकी चलन' हे पुस्तक केलं. दुसऱ्या देशांतल्या व्यंगचित्रकारांची मराठी वाचकाला ओळख करून देण्यासाठी. स्वतःची चित्रं छापायची सोडून दुसऱ्यांच्या चित्रातली गंमत कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवायचं. मी हे पुस्तक वाचते तेव्हा मला एका मोठ्या चित्रकाराचे डोळे काही काळ वापरायला मिळतात. आवडलेलं काम असं मनापासून, कारणासकट सांगणं हीसुद्धा निर्मिती आहे, असं मी ठामपणे मानते.

[दृश्य : रविवारची सकाळ. मासुंदा तलावाचा काठ. समोर कोपिनेश्वर मंदिराचा कळस. आठ-दहा माणसं घडीच्या स्टुलांवर बसून चित्रं काढताहेत.]

तलावपाळीवर आम्ही काही जण रविवारी सकाळी जमतो. कुणी व्यवसायानं चित्रकार, कुणी हौशी. समोर दृश्य तेच : कोपिनेश्वर, तलाव, पलीकडे गडकरी रंगायतन. पण कागद बघाल तर प्रत्येकानं वेगळ्याच गावी बसून चित्र काढलंय असं वाटावं. एक जण आर्किटेक्ट आहे, त्याला पायऱ्या आणि त्यांच्या सावल्यांपलीकडे काही दिसत नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक काका फक्त माणसं काढतात, आणि तीही पाठमोरी. त्यांचं म्हणणं, पाठीवरून माणूस लवकर ओळखू येतो. कॉलेजात जाणारी एक मुलगी ब्रश पेनच्या दोन फटकाऱ्यांत कबूतर काढते. दोनच. तिसरा फटकारा मारायचा मोह तिला होत नाही. तिच्या वयात मला तो आवरला नसता.

उन्हं वर आली की सगळे कागद पारावर मांडले जातात. तेव्हा आमचा एक नियम आहे. 'छान' म्हणायचं नाही. जे आवडलं ते नेमकं कुठे आणि कशामुळे आवडलं, ते सांगायचं. सुरुवातीला माणसं अवघडतात. आपल्याला टीका करायची सवय असते, कौतुक करायचीही असते, पण कौतुक तपशिलात करायची नसते. गाण्याच्या मैफलीत सम गाठली की दाद त्याच क्षणी मिळते, आणि गाणाऱ्यालाही कळतं की ती कुठल्या जागेसाठी होती. चित्रापुढे मात्र आपण मान डोलावतो आणि पुढे सरकतो.

या नियमामुळे काय होतं ते सांगते. एकदा काकांनी माझ्या कागदाचा खालचा कोपरा दाखवला आणि म्हणाले, "ही जागा कोरी ठेवलीस, म्हणून पाणी दिसतंय." मी ती जागा ठेवली होती, पण का ठेवली ते मला तोवर शब्दांत माहीत नव्हतं. त्यानंतर मी कोरी जागा जाणून ठेवू लागले. माझ्या पुस्तकांत आज जी मोकळी पानं दिसतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

आणि उलटही होतं. त्या मुलीचं कबूतर मी घरी येऊन पुन्हा पुन्हा काढते. नक्कल करते, सरळ नक्कल. मनगट कुठे वळलं, दाब कुठे सुटला, हे हातानं केल्याशिवाय उमगत नाही. असे कागद मी छापायला देत नाही. प्रत्येकावर मूळ चित्र कुणाचं ते लिहिते आणि खणात ठेवते. त्या खणात दलाल आहेत, सरवटे आहेत, आणि ही कॉलेजातली मुलगीही आहे.

[दृश्य : चेंदणी कोळीवाडा. गल्ली, ओटे, वाळत घातलेली जाळी. मग टेबलावर एका चित्रपुस्तकाचा कच्चा आराखडा.]

हे सध्याचं पुस्तक. चेंदणी कोळीवाड्यातली एक आजी आणि तिची नात. लेखिका माझी मैत्रीण. पहिला खर्डा आला तेव्हा मी प्रत्येक पानाचं अंगठ्याएवढं चित्र काढून तिला पाठवलं. त्यातल्या एका पानावर तिनं लिहिलं होतं, आजीला आज खूप थकवा आला होता. मी चित्रात आजी ओट्यावर टेकलेली दाखवली, एक चप्पल पायात, दुसरी सुटलेली. मैत्रिणीनं चित्र पाहिलं आणि आपलं वाक्य खोडलं. तिला वाईट वाटलं नाही, उलट ती खूश झाली. मग तिनं तिथे नातीचा एक प्रश्न घातला, आणि त्या प्रश्नासाठी मला नातीचा चेहरा बदलावा लागला. माझ्या चित्रानं तिचं वाक्य काढलं, तिच्या नव्या वाक्यानं माझं चित्र फिरवलं. हे महिनोन् महिने चालतं. शेवटी ते पान कुणाचं, हे आमचं आम्हालाही सांगता येत नाही, आणि या कामातलं मला सगळ्यात प्रिय असलेलं ते हेच.

कोळीवाड्यातल्या एका मावशींनी आम्हाला मदत केली. नऊवारी कोळणींच्या पद्धतीनं कशी नेसतात, पाटी डोक्यावर घेताना मान आणि कंबर कशी ठेवतात, ते त्यांनी उभं राहून दाखवलं. त्यांचंही नाव पुस्तकात येईल.

[दृश्य : ऐरोलीतलं घर. खिडकीपाशी बोरू, कटनिब, शाईच्या बाटल्या. कागदावर एकच शब्द अनेक तऱ्हांनी.]

खाडीपलीकडे, ऐरोलीत, आमची अक्षरं काढणारी राहते. देवनागरीवर प्रेम करणारी माणसं आपल्याकडे मोठी होऊन गेली. र. कृ. जोशींनी सुलेखनही केलं आणि संगणकासाठी देवनागरी फॉन्टही घडवले, विंडोजमधला 'मंगल' त्यांचाच. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावं अशी काढली, की नाव वाचताच नाटकाचा स्वभाव कळावा. अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास करून सुलेखनाला नवी वाट दिली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमची मैत्रीण या सगळ्यांची भक्त. पुस्तकाच्या नावाची अक्षरं काढण्याआधी ती चित्रं भिंतीला लावून काही दिवस नुसती बघते. या पुस्तकात जाळी फार आहेत, म्हणून तिनं शिरोरेषा थोडी सैल सोडलीय, दोरीसारखी. मला हे कधीच सुचलं नसतं. ती अक्षरं आल्यावर मुखपृष्ठावरचं माझं जाळं मी पुन्हा काढलं. तिच्या दोरीशेजारी माझी दोरी फार ताठ वाटत होती.

जाळ्यांवरून वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे आठवणारच. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. वारली लग्नघरात भिंतीवर देवचौक, म्हणजे लग्नातलं देवाचं चौकोनी चित्र, काढायचा तो सवाशिणींनी, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्यानं. म्हसे पुरुष असून काढत राहिले, लग्नकार्य नसतानाही काढत राहिले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं त्यांचं काम पाहिलं आणि त्यांच्या हाती कागद दिला. कुलकर्णी स्वतः मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. बिहारमध्ये मिथिलेच्या बायकांनाही भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला त्यांनीच प्रवृत्त केलं होतं. एका चित्रकारानं दुसऱ्याचं काम ओळखावं आणि त्याच्यासाठी पायपीट करावी, याहून मोठी दाद मला माहीत नाही. पुढे २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताचं आणि म्हस्यांचं काम एकाच प्रदर्शनात शेजारी शेजारी लागलं. २०११ साली म्हस्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मासेमारीचं जाळं बघा. कागदभर पसरलेलं, बारीक विणीचं. ते मी पाहिलंय, म्हणून माझं जाळं वेगळंच काढते. त्यांच्या वाटेनं जायचा मला अधिकार नाही, पण तो ध्यास माझ्या टेबलावर असतो.

[दृश्य : वागळे इस्टेट. ऑफसेट मशीनचा आवाज. ताज्या छापील पानांची चळत.]

वागळे इस्टेटमधला हा छापखाना. चित्र शेवटी इथे पुरं होतं. निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसल्या पाहिजेत. केसभर सरकल्या तर आजीच्या डोळ्याला दोन कडा येतात. मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला कागद, शाई पितो, त्यावर खाडीचा निळा गडद होतो. पडद्यावर मला जो निळा दिसत होता, तो शाईत मिळतच नाही. हे मशीनमनला मुखपाठ आहे. तो भिंगातून ठिपके बघतो, शाईची चावी जरा फिरवतो, पुन्हा एक पान काढतो. कधी मला बोलावून विचारतो, "मॅडम, पाणी संध्याकाळचं आहे की सकाळचं?" हा प्रश्न विचारणारा माणूस माझ्या चित्राचा सहकारी नाही तर कोण?

मशीन लावताना आधी रद्दी कागद चालवतात, तेच तेच कागद पुन्हा पुन्हा. त्यामुळे एका कागदावर तीन-चार कामं एकमेकांवर छापून निघतात. आमच्या अक्षरं काढणाऱ्या मैत्रिणीला असा एक कागद सापडला. औषधाच्या खोक्याची जाहिरात, तिच्यावर लग्नपत्रिकेतला गणपती, आणि सगळ्यांवरून पोहत गेलेला माझा पापलेट.

[दृश्य : कापूरबावडी, ठाणे कलाभवन. रिकामी भिंत, मापं घेणारी माणसं.]

या हिवाळ्यात आम्ही सगळे मिळून इथे एक छोटं प्रदर्शन करायचं ठरवतोय. प्रत्येकानं स्वतःचं एक चित्र आणायचं, आणि दुसऱ्या कुणाचं तरी एक, जे आपण काढलेलं असतं तर धन्य झालो असतो असं. त्याखाली दहा ओळी, कशामुळे ते आवडतं. मी त्या मुलीचं कबूतर लावणार आहे. काकांनी अजून सांगितलेलं नाही. आर्किटेक्ट रोज निवड बदलतोय. आणि अक्षरं काढणाऱ्या मैत्रिणीनं तो छापखान्यातला कागद चौकटीत घालायला दिलाय. त्याखाली मशीनमनचं नाव ती स्वतः काढणार आहे. त्यानं विचारलं, "माझं कशाला?" तिनं कामाला सुरुवात केलीसुद्धा. आडनावातला 'ण' अजून तिच्या मनासारखा उतरत नाहीये.